दीड मिलिमीटरच्या वाटा
(प्रस्तावना)

५ ऑक्टोबर १९६६ची दुपार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ईरी सरोवराच्या काठावर असलेल्या फर्मी-१ या अणुभट्टीची शक्ती हळूहळू वाढवली जात होती. भट्टीची क्षमता २०० मेगावॅट उष्णतेची, आणि त्या वेळी ती जेमतेम ३१ मेगावॅटवर होती. न्यूट्रॉन मोजणाऱ्या उपकरणांचे आकडे अस्थिर झाले. नियंत्रक कांड्या नेहमीपेक्षा जास्त वर आल्याचं चालकांच्या लक्षात आलं. दोन सबअसेंब्लींच्या, म्हणजे इंधनाच्या पिनांच्या जुडग्यांच्या, तोंडाशी उष्णता वाहून नेणारं द्रवरूप सोडियम नको तेवढं तापलेलं दिसलं आणि थोड्याच वेळात इमारतीत किरणोत्साराचे इशारे वाजू लागले. चालकांनी भट्टी बंद केली. आसपासच्या वस्तीला इजा पोहोचली नाही, पण आत दोन सबअसेंब्लींमधलं इंधन वितळलं होतं. ते का वितळलं याचा उलगडा व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला.

भट्टीच्या तळाशी, जिथून सोडियम वर इंधनाकडे जातं, तिथे शंकूच्या आकाराचा एक भाग होता. इंधन कधी वितळून खाली आलंच, तर ते एका जागी साचू नये, पसरावं, यासाठी तो ठेवलेला. त्याच्यावर झिर्कोनियमचे पत्रे बसवले होते, तेही सुरक्षेच्याच हेतूने. सोडियमच्या माऱ्याने त्यातला पत्रा सुटला, उचलला गेला आणि सबअसेंब्लींच्या खालच्या तोंडांवर जाऊन बसला. हे पत्रे ऐनवेळी बसवलेले होते आणि भट्टीच्या नकाशांत त्यांची नोंद नव्हती. त्यामुळे तळाशी सापडलेला धातूचा चुरगळलेला तुकडा कशाचा, हेच आधी कुणाला सांगता येईना. तो बाहेर काढेपर्यंत १९६८ उजाडलं.

द्रवरूप धातूवर चालणाऱ्या अणुभट्टीत प्रवाह अडला तर काय होतं, ते संगणकावर कसं मांडायचं आणि त्या मांडणीवर किती विश्वास ठेवायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे. फर्मीची हकीगत पहिल्याच पानावर आणण्याचं कारण, त्या नकाशात नसलेल्या पत्र्याने या विषयाचं मर्म उघड केलं. समीकरणं सोडवण्यात संगणक आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे. परंतु अडथळा कुठे आहे, केवढा आहे, कशाचा बनला आहे, त्यातून थोडं तरी द्रव झिरपतं की नाही, हे त्याला माणसालाच सांगावं लागतं. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. पुस्तकातली समीकरणं वाचताना वाचकाने ही गोष्ट मनात जागी ठेवावी.

आता थोडं मुळापासून. वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या भट्टीत पाणी वापरता येत नाही, कारण पाणी न्यूट्रॉनांना मंद करतं. शिवाय या भट्टीचा गाभा लहान आणि त्यातून निघणारी उष्णता प्रचंड. ती चटकन वाहून नेणारा पदार्थ हवा. सोडियम ९८ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि साध्या दाबाखाली ८८३ अंशांना उकळतं, म्हणजे दाब न चढवता ते पाचशे-साडेपाचशे अंशांवर निवांत द्रवरूपात राहतं. पाण्याच्या जवळपास शंभरपट सहजतेने ते उष्णता वाहू देतं. हवा आणि पाणी यांच्याशी त्याचं वैर आहे, पण तो वेगळा विषय आहे आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे.

या पुस्तकातली बरीचशी उदाहरणं कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅट विजेच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिॲक्टरशी जुळणाऱ्या मापांची आहेत, म्हणून तिथलीच मापं घेऊन बोलू. या भट्टीच्या गाभ्यात इंधनाच्या १८१ सबअसेंब्ली असतात. एक सबअसेंब्ली म्हणजे पोलादाची षट्कोनी नळी, आणि तिच्यात दाटीवाटीने उभ्या केलेल्या २१७ पिना. प्रत्येक पिनचा व्यास ६.६ मिलिमीटर. पिना एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकीभोवती १.६५ मिलिमीटर जाडीची तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. शेजारच्या दोन पिनांमध्ये मोकळी जागा उरते ती साधारण या तारेच्या जाडीएवढीच. त्या फटींमधून सोडियम सेकंदाला काही मीटर या वेगाने वर धावतं, ३९७ अंशांना आत शिरतं आणि सरासरी ५४७ अंशांना बाहेर पडतं. जिथे सगळ्यात जास्त उष्णता निघते तिथे पिनच्या एका सेंटिमीटर लांबीतून ४५० वॅट बाहेर येत असतात. मीटरभर उंचीचा तापता भाग ओलांडायला सोडियमला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो आणि तेवढ्यात ते दीडशे अंशांनी तापतं. प्रवाह थांबला तर काय होईल, याची कल्पना यावरून यावी.

पूर्ण थांबला तर ते लगेच कळतं. खरी डोकेदुखी असते ती थोडासाच थांबला तर. हे कागदावरच्या हिशेबाने पाहण्यासारखं आहे. तीन पिनांच्या मध्ये जी तिकोनी पोकळी उरते तिला सबचॅनेल म्हणतात. २१७ पिनांच्या जुडग्यात अशा आतल्या ३८४, षट्कोनाच्या बाजूंना लागून ४८ आणि कोपऱ्यांत ६, अशा एकूण ४३८ वाटा असतात. त्यातल्या मधल्या सहा वाटा एका ठिकाणी पूर्ण बुजल्या असं धरू. सहा भागिले चारशे अडतीस म्हणजे दीड टक्क्याहून कमी. सोडियम शेजारच्या वाटांनी वळसा घालून पुढे जातं, त्यामुळे सबअसेंब्लीतला एकूण प्रवाह त्याहूनही कमी घटतो. तो अगदी दीड टक्क्यानेच घटला असं मानलं, तरी वरच्या तोंडाशी तापमान दोन-सव्वादोन अंशांनी वाढेल. त्या ठिकाणी बसवलेल्या थर्मोकपलला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या उपकरणाला, एवढा फरक नेहमीच्या चढउतारांतून वेगळा काढता येत नाही. आणि त्याच वेळी खाली, अडथळ्याच्या मागे दडलेल्या पिनेच्या आवरणाचं तापमान शंभर किंवा दोनशे अंशांनी चढलेलं असू शकतं. उपकरण खोटं बोलत नाही. ते जिथे बसवलंय तिथे ही बातमी पोहोचतच नाही.

मॉडेलची गरज उभी राहते ती इथे. अडथळ्याच्या मागे नेमकं काय चालतं? पावसाळ्यात पुलाच्या खांबामागे पाणी जसं उलटं फिरतं आणि वाहून आलेला पालापाचोळा तिथेच घुटमळत राहतो, तसा अडथळ्याच्या वरच्या बाजूला सोडियमचा भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यातलं सोडियम बाहेरच्या थंड प्रवाहात मिसळायला जितका वेळ घेईल तितकं ते तापत जाणार. सत्तरच्या दशकात जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न नेमक्या याच रूपात मांडला: भोवऱ्यात सोडियम सरासरी किती काळ अडकतं? तो काळ कळला की त्याला उष्णतेच्या दराने गुणायचं आणि सोडियमच्या उष्णता साठवण्याच्या क्षमतेने भागायचं, की तापमानवाढीचा ढोबळ अंदाज हाती येतो. ही पद्धत जुनी म्हणून नव्या अभ्यासकांनी ती टाळू नये. मोठा संगणक आठवडाभर राबून जे उत्तर देतो ते या हाताच्या हिशेबाच्या आसपास येत नसेल, तर दोघांपैकी एकात काहीतरी गफलत आहे हे खुशाल समजावं.

संगणकावरच्या पद्धतींचं थोडक्यात सांगायचं तर, पहिली पिढी सबचॅनेल कोडची. प्रत्येक तिकोनी वाट हा एक कप्पा, उंचीनुसार त्याचे तुकडे, आणि शेजारच्या कप्प्यांशी होणारी देवाणघेवाण प्रयोगांतून काढलेल्या सूत्रांनी दाखवायची. अमेरिकेतला ‘कोब्रा’ याच जातीचा. पण जुन्या सबचॅनेल कोडमध्ये प्रवाह मुख्यतः खालून वर जातो हे गृहीत होतं, आणि अडथळ्यामागे तर तो उलटा फिरतो. ही अडचण ओळखून ब्रिटिशांनी खास अडथळ्यांसाठी ‘सेबर’ हा कोड लिहिला. जपानमध्ये ‘ॲस्फ्रे’ आणि कोरियात ‘मात्रा’ची द्रवधातूंसाठीची आवृत्ती याच गरजेतून तयार झाली. आज त्यांच्या जोडीला सीएफडी, म्हणजे संगणकीय द्रवगतिकी, आलं आहे. त्यात पिना, तारा आणि मधली पोकळी यांचे लाखो-करोडो लहान खण पाडून प्रत्येक खणात गती, दाब आणि तापमान यांची समीकरणं सोडवली जातात.

सीएफडीची चित्रं देखणी असतात आणि तोच त्यांचा धोका आहे. दोन ठिकाणी मी वाचकाला मुद्दाम थांबवू इच्छितो.

एक जागा तारेची. तार पिनेला एका रेषेत स्पर्श करते. गोल पृष्ठभाग गोल पृष्ठभागाला टेकतो तिथे दोन्ही बाजूंना अणकुचीदार फट राहते आणि तिच्यात चांगले खण पाडणं जवळपास अशक्य असतं. म्हणून अभ्यासक तार पिनेत किंचित रुतवतात, किंवा तिची कड छाटून सपाट करतात, किंवा मध्ये बारीकशी फट ठेवतात. तिन्ही तडजोडी चालतात. पण पिनेच्या आवरणाचा सगळ्यात तप्त ठिपका पुष्कळदा नेमका तारेखालीच येतो. म्हणजे ज्या ठिपक्याचं तापमान आपल्याला हवंय त्याच ठिकाणी आपण मूळ आकार बदललेला असतो. प्रबंधात ही तडजोड एका ओळीत उरकलेली दिसते. तिला निदान एक परिच्छेद द्यावा, आणि तिन्ही प्रकार करून उत्तर किती हलतं ते दाखवावं, अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरी जागा त्याहून आडबाजूची. पाण्यात किंवा हवेत खळबळता प्रवाह गतीला आणि उष्णतेला साधारण सारख्याच प्रमाणात मिसळतो. सॉफ्टवेअरमध्ये या प्रमाणाचा आकडा, म्हणजे टर्ब्युलंट प्रांटल अंक, आधीच भरून ठेवलेला असतो: ०.८५ किंवा ०.९. द्रवरूप धातूंचं गणित निराळं आहे. सोडियमचा प्रांटल अंक ०.००५च्या आसपास, म्हणजे त्यात उष्णता रेणूंच्या पातळीवरच इतक्या वेगाने पसरते की गतीच्या भोवऱ्यांमागे ती जात नाही. तिथे ०.८५ तसाच ठेवला तर उत्तर चुकतं, पण पडद्यावरचं चित्र मात्र तितकंच सुंदर दिसतं. कुठलाही इशारा येत नाही. सॉफ्टवेअर वापरायला शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ही जागा उघडून पाहावी.

मॉडेलची परीक्षा प्रयोगाने व्हायची, आणि सोडियममधले प्रयोग म्हणजे मोठं जोखमीचं काम. सोडियम अपारदर्शक. त्यात कॅमेरा घालून काही दिसत नाही. म्हणून पिनांच्या जागी विजेने तापणाऱ्या कांड्या घालून, त्यांच्या आवरणात केसासारखी बारीक थर्मोकपलं बसवून मोजमाप करावं लागतं. अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये ‘थॉर्स’ या सुविधेत १९ कांड्यांच्या जुडग्यात मुद्दाम पत्रे बसवून असे प्रयोग झाले, आणि कार्ल्सरूहेत अडथळ्यामागे सोडियम उकळेपर्यंत मजल गेली. बेल्जियममधल्या मोल इथे बीआर-२ भट्टीच्या आत खऱ्या इंधनावर ‘मोल ७सी’ प्रयोगमाला झाली. फ्रान्समधल्या कादाराशच्या ‘स्काराबे’ भट्टीत ऐंशीच्या दशकात सर्वात कठोर परीक्षा घेतली गेली. सबअसेंब्लीचं खालचं तोंड एका क्षणात पूर्ण बंद केलं तर सोडियम कसं उकळतं, आवरण आणि इंधन कसं वितळतं, आणि षट्कोनी नळीची भिंत फोडून ते शेजारी कसं शिरतं, हे तिथे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. कल्पाक्कमच्या भट्टीखाली वितळलेलं इंधन झेलणारी जी थाळी आहे, ती सात सबअसेंब्लींचा भार धरून आखलेली आहे, एक मधली आणि तिच्या सहा शेजारणी. शेजारी शिरण्याची ही शक्यताच त्या सातच्या आकड्यामागे आहे.

आता पुन्हा अडथळ्याच्या रूपाकडे येतो, कारण या पुस्तकातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं प्रकरण त्यावर आहे. जुन्या अभ्यासांत अडथळा म्हणजे सपाट, पातळ, अभेद्य पत्रा असं धरलेलं सापडतं. हे कुठून आलं? जर्मनीच्या कालकार इथल्या एसएनआर-३०० भट्टीत पिना तारेऐवजी जाळीदार चौकटींनी धरून ठेवायची योजना होती. कचरा वाहत आला तर तो जाळीवर एका पातळीत साचणार, म्हणून सपाट अडथळा तिथे शोभणाराच होता. तारेच्या जुडग्यात तसं घडत नाही. कण तारेच्या आणि पिनेच्या खाचेत अडकतात, त्यांच्यावर आणखी कण बसतात, आणि अडथळा उंचीच्या दिशेने लांबत जातो. तो सच्छिद्र असतो, त्यातून थोडं सोडियम झिरपतं. झिरपणारं सोडियम उष्णता नेतं हे चांगलं. पण आता तापलेला भाग अडथळ्याच्या मागे राहत नाही, तर अडथळ्याच्या पोटात येतो, आणि भोवऱ्याचा जुना हिशेब तिथे लागू पडत नाही. छिद्रांचं प्रमाण किती, कण केवढे, ते पोलादाचे की इंधनाचे, यावर उत्तर शेकडो अंशांनी बदलतं. यातला एकही आकडा समीकरणातून येत नाही. तो भट्ट्यांच्या इतिहासातून, कचऱ्याच्या नमुन्यांतून आणि अभ्यासकाच्या विवेकातून येतो.

इतिहास म्हणाल तर तो एकसारखा नाही. जुलै १९५९मध्ये कॅलिफोर्नियात सांता सुसाना इथल्या सोडियम रिॲक्टर एक्स्परिमेंटमध्ये पंपाची सील थंड ठेवणारं टेट्रालिन हे सेंद्रिय द्रव सोडियममध्ये गळलं. उष्णतेने त्याचं विघटन होऊन काळा, कार्बनी चोथा तयार झाला, तो इंधनाच्या वाटांत बसला आणि ४३पैकी १३ इंधन-घटक खराब झाले. तिथे पत्रा नव्हता, तुकडा नव्हता. ज्याचा इंधनाशी काहीच संबंध नाही अशा पंपातून अडथळा आला होता. सोव्हिएत पाणबुडी के-२७ची गोष्ट आणखी निराळी. तिच्या भट्ट्यांत शिसं आणि बिस्मथ यांचा मिश्रधातू फिरत असे. २४ मे १९६८ रोजी शिशाच्या ऑक्साइडच्या गाळाने डावीकडच्या भट्टीतल्या वाटा चोंदल्या, इंधनाचा काही भाग नष्ट झाला आणि किरणोत्साराने नऊ खलाशांचा जीव गेला. ती माणसं कोणत्याही प्रयोगाचा भाग नव्हती. या विषयावर काम करणाऱ्याने हा आकडा तापमानाच्या आकड्यांइतकाच लक्षात ठेवला पाहिजे.

शिशाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. रशियात सेव्हेर्स्क इथे ब्रेस्ट-३०० ही शिशावर चालणारी भट्टी २०२१पासून बांधली जात आहे, आणि बेल्जियमच्या मिर्रा प्रकल्पात शिसं-बिस्मथ वापरायचं ठरलं आहे. शिसं १७०० अंशांच्याही वर उकळतं, त्यामुळे अडथळ्यामागे ते उकळेल ही भीती उरत नाही. त्याच्या खूप आधी पोलादी आवरणच हार मानतं. पण शिशात ऑक्सिजन जास्त झाला तर गाळ बसतो, कमी झाला तर पोलाद झिजतं, आणि या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे. म्हणजे तिथे अडथळ्याचा प्रश्न रसायनशास्त्रापासून सुरू होतो. इटलीतल्या ब्राझिमोने इथे शिसं-बिस्मथमध्ये १९ कांड्यांच्या जुडग्यातल्या वाटा मुद्दाम बुजवून अलीकडे जे प्रयोग झाले, ते आजच्या सीएफडीच्या पडताळणीसाठी फार उपयोगी पडतात. पुस्तकात त्यांना स्वतंत्र जागा दिली आहे.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात कादाराशलाच झाली. तिथल्या रॅप्सोडी भट्टीच्या धर्तीवर फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टरचा आराखडा करायला १९६९-७०मध्ये भारतीय अभियंत्यांचा चमू फ्रान्समध्ये होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले शिवराम भोजे त्या चमूत होते. पुढे ते कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. ती टेस्ट भट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. तिच्या अनुभवावर पुढची, ५०० मेगावॅटची भट्टी उभी राहिली, आणि मार्च २०२४मध्ये तिच्यात गाभा भरण्याचं काम सुरू झालं.

या भट्टीच्या रचनेत फर्मीचा धडा उघड दिसतो. सबअसेंब्लीच्या पायाला सोडियम आत घेणारं एकच तोंड ठेवलेलं नाही. बाजूंनी अनेक खाचा आहेत, म्हणजे एखादा पत्रा येऊन बसला तरी सगळ्या वाटा एकदम बंद होऊ नयेत. वर प्रत्येक सबअसेंब्लीच्या तोंडाशी थर्मोकपलं आहेत. पिनेचं आवरण फुटलंच, तर सोडियममध्ये मिसळलेल्या विखंडनद्रव्यांतून उशिराने निघणारे न्यूट्रॉन पकडणारी उपकरणंही आहेत. पूर्ण अडथळ्याची शक्यता रचनेनेच दूर ढकलली, हे अभियांत्रिकीचं यश आहे. उरतो तो आतला, लहान, सच्छिद्र, सावकाश वाढणारा अडथळा, आणि त्याच्यावर पहारा ठेवण्यात मॉडेलचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

‘सावकाश’ म्हणजे किती सावकाश, याबद्दल मात्र आपल्या विद्येची झोळी अजून बरीचशी रिकामी आहे. अडथळा तयार असताना तापमान किती चढेल, यावर पन्नास वर्षांचं काम आहे. तो कणाकणाने वाढतो कसा, कोणत्या आकाराचे कण तारेच्या खाचेत थांबतात आणि कोणते निसटून जातात, वाढताना तो मध्येच तुटून वाहून जातो का, यावरचं काम तुलनेने कमी आहे. आवरण फुटण्याआधी किती वेळ हातात असेल हे या उत्तरांवर ठरणार आहे. शेवटच्या दोन प्रकरणांत प्रवाहातल्या कणांचा मागोवा घेण्याच्या पद्धती दिल्या आहेत त्या याचसाठी. तरुण वाचकांपैकी कुणाला प्रबंधाचा विषय हवा असेल, तर त्यांनी तिथून सुरुवात करावी. १९ पिनांचं छोटं जुडगं घ्यावं, एका तारेच्या खाचेत पहिला कण बसवावा आणि दुसरा कुठे बसतो ते पाहावं.